थोरलीचा उघडा डाव

"नवा सोफा पुढच्या खोलीत ठेवायचा, तर बुद्धिबळाचं टेबल माळ्यावर जाईल," असं धाकटीने जाहीर केलं, तेव्हा थोरली एका आरामखुर्चीच्या पोटातून जुना काथ्या उपसत होती. तिचा हात थांबला. हात थांबला की तोंड सुरू होतं, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून धाकटी दोन पावलं मागे सरकली.

"कुठे जाईल म्हणालीस?"

"माळ्यावर. अहो जाऊबाई, रस्त्यावरून जाणाऱ्याला आपल्या दुकानात काय दिसतं? दोन बायका डोकी धरून समोरासमोर बसल्यात. लोकांना वाटतं आत कुणीतरी गेलंय."

"कुणी गेलेलं नाही. पण तू अशीच बोलत राहिलीस तर जाईल."

दुकान सोफे आणि खुर्च्या दुरुस्तीचं. दोघी जावांनी मिळून चालवलेलं. कापड कापणं, फोम बसवणं आणि गिऱ्हाइकाला गप्प करणं ही थोरलीची कामं. शिवण, हिशेब आणि थोरलीने गप्प केलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा बोलतं करणं ही धाकटीची. थोरलीचा नवरा मागच्या खोलीत लाकूडकाम करी. त्याला सगळा रस्ता मिस्त्री म्हणे. धाकटीचा नवरा टेम्पो चालवी आणि घरातलं वातावरण पाहून लांबची भाडी घेई.

भांडणाचं मूळ असलेलं टेबल मिस्त्रीनेच केलेलं. किंचित लांबट, मधोमध फिक्या आणि गडद लाकडाची घरं एकात एक अशी बसवलेली की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. पटाच्या दोन्ही टोकांना वीतभर मोकळी पट्टी. त्याचं एक टोक भिंतीला टेकलेलं आणि दुसरं खोलीच्या मध्यापर्यंत आलेलं, एखाद्याने जीभ बाहेर काढावी तसं. लांब बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी त्यांवर बसत आणि मारलेली प्यादी त्या मोकळ्या पट्ट्यांवर रचत. लग्न होऊन आल्यावर थोरली ज्या खुर्चीवर पहिल्या दिवशी बसली, त्याच खुर्चीवर आजही बसत होती. तिथून शटर दिसे, रस्ता दिसे, मागच्या खोलीचं दार दिसे. थोडक्यात, तिथून राज्य करता येई. म्हणून टेबल माळ्यावर जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आज टेबल, उद्या टेबलामागची बाई.

"नवा सोफा आण की," थोरली म्हणाली. "मी कुठे नको म्हणते? टेबल आहे तिथे राहील. उरलेल्या जागेत तुझा सोफा."

"उरलेल्या जागेत एक मांजर बसेल, तेही शेपूट आवरून."

"मग मांजर आण."

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी समोरच्या चष्मेवाल्याने रस्ता ओलांडून तोडगा काढला. तो गृहस्थ तरुणपणी स्पर्धांतून खेळलेला, आणि दोघींचा आवाज त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरं वाचू देत नव्हता.

"मोठ्या वहिनी, धाकट्या वहिनी, भांडण बुद्धिबळाच्या टेबलाचं आहे, तर बुद्धिबळावरच मिटवा. एक डाव. जी जिंकेल तिचं खरं."

"मांडा आत्ता," थोरली म्हणाली.

"इथे नाही. या टेबलावर तर खटला आहे. माझ्या दुकानात, माझ्या पटावर. रविवारी सकाळी."

धाकटी लगेच कबूल झाली. तेव्हाच थोरलीच्या लक्षात यायला हवं होतं की धाकटी ज्या गोष्टीला लगेच हो म्हणते, तिच्यावर तिने आधी विचार केलेला असतो.

धाकटीचा खेळ तसाच होता. विचार करून, कडी-कोयंडा लावून. ती प्यादी एकमेकांना चिकटवून उभी करी, राजाला त्यांच्या मागे झोपवी आणि मग समोरचा कंटाळून चूक करेपर्यंत वाट पाही. थोरलीला तो खेळ म्हणजे खिडक्या बंद करून घरात बसलेलं माणूस वाटे. तिचा स्वतःचा खेळ निराळा. मधली प्यादी आधी उडवायची, उंटांना लांबवर दिसलं पाहिजे, हत्तींना मोकळी रांग मिळाली पाहिजे, आणि पहिली आरोळी आपली पाहिजे. "दारातून सोफा आत न्यायचा असेल तर दार आधी उघडावं लागतं," असं ती म्हणे. अडचण एवढीच होती की तिच्या सगळ्या आरोळ्या धाकटीला पाठ झाल्या होत्या. कुठला घोडा कधी उड्या मारणार हे धाकटी शिवणाच्या मशीनवरून मान न वळवता सांगू शके.

म्हणजे सुरुवातच नवी हवी होती. थोरलीने लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावात परिचारिका होती, आणि रात्रपाळीला जागं राहण्यासाठी फोनवर बुद्धिबळ खेळे.

"मला एक सुरुवात शोधून दे," थोरली म्हणाली. "उघडी. मारामारीची. चार चालींत धाकटीला घाम फुटला पाहिजे."

"आई, काकूला घाम फोडण्यापेक्षा काकूशी बोलून..."

"तू नर्स आहेस. इंजेक्शन देताना पेशंटशी चर्चा करतेस का? वाच."

लेकीने फोनवर शोधलं. "बरं, घे. ई-दोनवरचं प्यादं ई-चारवर. म्हणजे राजापुढचं."

थोरली टेबलाशी उभी होती. तिने डावीकडून ए, बी, सी असं बोटाने मोजलं. इंग्रजी अक्षरं तिला कापडाच्या ताग्यांवरून येत होती, तेवढी पुरेशी होती. "ई म्हणजे पाचवी गल्ली. तिथे माझा वजीर उभा आहे."

"वजीर कसा असेल? राजा असणार."

"मी राजाला ओळखत नाही असं म्हणायचंय का तुला? राजा चौथीत आहे. तुझ्या फोनवाल्यांनी छापताना झोप काढलीय. मला ते गल्लीचे नंबर नकोच. कोण उठला आणि कुठे गेला तेवढं सांग."

लेकीने कपाळाला हात लावल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. तिथून पुढे नावाने काम सुरू झालं, आणि थोरली मुलीसाठी स्थळं पाहावीत तशा सुरुवाती पाहू लागली.

पहिली आली ती इटालियन. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट असा काढायचा की समोरच्या राजाच्या कुशीतलं प्यादं त्याच्या तोंडासमोर यावं. "त्या प्याद्याला फक्त राजाचाच आधार असतो ना, आई. म्हणून तिथे सगळे हल्ले करतात."

"देखणी आहे. पण धाकटीने हिला शंभरदा पाहिलंय. पुढची."

पुढची स्कॉच. तिसऱ्याच चालीला मधली प्यादी फोडायची. थोरलीला भिंत पडल्याचा आनंद झाला, पण लेक पुढे वाचत गेली तसा तो ओसरला. "यात सगळे एकमेकांना भेटतात, मारामारी करतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात. वजीर सुद्धा लवकर जातात. नको."

"मग एक वजिराच्या बाजूची आहे. खूप नावाजलेली. वजिरापुढचं प्यादं, मग त्याच्या शेजारच्या उंटाचं. शांत असते. हळूहळू दाब वाढवत..."

"ती धाकटीला दे. मला काय कापूस पिंजत बसायचंय?"

"मग राहिली किंग्ज गॅम्बिट." लेकीचा आवाज जरा खाली आला. "राजापुढचं प्यादं दोन घरं. आणि दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे, फुकट. समोरच्याला खायला."

थोरली गप्प झाली. ही गोष्ट एवढी दुर्मीळ होती की मागच्या खोलीतली करवतही थांबली.

"फुकट?"

"हो. तो ते खात बसतो, तोवर आपली माणसं बाहेर येतात. घोडा, उंट, मग राजाला किल्ल्यात टाकायचं, आणि त्या मोकळ्या गल्लीतून हत्ती थेट आत. फक्त राजा थोडा उघडा पडतो, आई. आजकाल मोठे खेळाडू घाबरतात खेळायला."

"ते घाबरतात कारण ते मोठे आहेत. मी थोरली आहे." तिने पदर खोचला. "ही पक्की."

त्या दिवसापासून तालीम सुरू झाली. समोर मिस्त्री. त्याच्या तोंडात चार खिळे असत, त्यामुळे तो उत्तम प्रतिस्पर्धी होता. थोरली प्यादं, प्यादं, घोडा, उंट, किल्ला असं घोकत नव्हती, ती हाताला शिकवत होती. स्टेपलगन कुठे आहे हे हाताला जसं न बघता कळतं, तसं झालं पाहिजे. शनिवारपर्यंत झालंही. ती शटरकडे बघत, रस्त्यावरच्या माणसाला "कव्हर उद्या मिळेल" असं ओरडत पाचही चाली करू लागली. मिस्त्री एकदोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, पण खिळे पडले असते.

पलीकडे धाकटीचं मशीन थांबून थांबून चालत होतं. मधली भिंत प्लायवूडची. थोरलीला ते कळत नव्हतं असं नाही.

"ऐकतेस ना?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "ऐक. राजाच्या बाजूनं घुसणार आहे. फुकटचं प्यादं देणार आहे. तुला सांगून मारणार."

"मी घेणारच नाही तुमचं फुकटचं," पलीकडून आवाज आला. "मी दाराला कडी घालीन."

"घाल. दार फोडीन."

रविवारपर्यंत हा मजकूर सगळ्या रस्त्याला कळला होता. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तसाच आला. झेरॉक्सवाली खुर्ची घेऊन आली. चष्मेवाल्याने काउंटरवरच्या फ्रेमी बाजूला सारून पट मांडून ठेवला होता आणि सोंगट्याही लावून ठेवल्या होत्या, प्रत्येक घराच्या बरोबर मध्यावर. मागे भिंतभर आरसा. मिस्त्री दाराला टेकून उभा राहिला.

"रंगासाठी चिठ्ठी..." चष्मेवाल्याने सुरुवात केली.

"पांढऱ्या माझ्या," थोरली बसत म्हणाली. "थोरली कोण आहे?"

धाकटीने हरकत घेतली नाही. "नियम मात्र घरचेच, जाऊबाई. हात लागला की ती सोंगटी चालवायची."

"नियम मीच केलाय. मला काय सांगतेस?"

खरंच तिनेच केला होता. धाकटीने एकदा उंटाला हात लावून घोडा खेळायचा प्रयत्न केला होता, तेव्हापासून. त्या उंटावरून थोरली आजही टोमणे मारी.

थोरलीने धाकटीच्या डोळ्यांत बघितलं. पटाकडे बघून खेळतात ते नवशिके, असं तिचं मत होतं. हात आपोआप गेला, ओळखीच्या जागेवरचं प्यादं दोन घरं पुढे आलं. धाकटीचा हातही सवयीने आला, समोरचं प्यादं समोर. थोरलीचा हात पुन्हा गेला. शेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं. फुकट.

"अरेच्चा!" चष्मेवाला पुटपुटला. "वजिराच्या बाजूनं?"

थोरलीने त्याच्याकडे दयेने पाहिलं. माणूस दुसऱ्यांचे डोळे तपासतो आणि स्वतःला राजा-वजीर कळत नाही. लेकीच्या फोनसारखंच.

धाकटीने म्हटल्याप्रमाणे प्यादं खाल्लं नाही. दुसरं एक प्यादं एक घर सरकवून कडी घातली. थोरलीचा घोडा बाहेर आला, धाकटीचाही. थोरलीचा उंट तिरका सुटला आणि दूरवरच्या एका प्याद्याकडे तोंड करून बसला. धाकटीचा उंट तरातरा येऊन थोरलीच्या घोड्याच्या छातीवर बसला.

"किती शांतपणे चाललंय," सलूनवाला कुजबुजला. "मला वाटलं होतं रक्तपात होणार."

"थांब की," थोरली म्हणाली. "आता राजाला किल्ल्यात टाकते, मग बघ."

तिने राजा उचलला. उचलला आणि बोटांना काहीतरी खटकलं. राजाच्या डोक्यावर टोक असतं. इथे गोल गुळगुळीत गोटी लागत होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा चाल करताना खाली पाहिलं.

हातात वजीर होता.

दुकानात एवढी शांतता पसरली की सलूनवाल्याच्या गिऱ्हाइकाने सलूनमधून "अहो, साबण सुकला" अशी मारलेली हाक सगळ्यांना ऐकू आली.

"हा इथे काय करतोय?" थोरलीने विचारलं.

"तो तिथेच असतो, वहिनी," चष्मेवाला म्हणाला.

"हात लागला, जाऊबाई," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात साखर होती. एका उंटाचा एवढ्या वर्षांचा सूड समोर चालून आला होता. "आता वजीरच खेळायचा. नियम तुमचाच."

थोरलीने नियम मोडला असता तर ती थोरली राहिली नसती. तिने वजीर डोक्याच्या वर धरला, पटावर कुठे रान मोकळं आहे ते पाहिलं, आणि सगळा राग काढून तो तिरका, लांब, डावीकडच्या अगदी कडेच्या घरात आपटला. शेजारच्या फ्रेमींची एक रांग कोसळली.

चष्मेवाला पुढे वाकला. चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला.

"शह," तो म्हणाला.

"कुणाला?" दोघींनी एकदम विचारलं.

"धाकट्या वहिनींच्या राजाला."

"माझ्या राजाला कसा?" धाकटी घाबरली. "माझा राजा तर इथे..." तिने जिथे राजा असायचा तिथे पाहिलं. तिथे काळा वजीर मख्ख उभा होता. "अगंबाई, हा इथे कुठे आला?" म्हणून तिने शेजारच्या घरातला राजा चाचपून बघायला उचलला.

"हात लागला गं," थोरली म्हणाली.

आता धाकटीला राजाच हलवायला हवा होता. एखादी सोंगटी आडवी घालून शह सहज अडवता आला असता, असं चष्मेवाला नंतर आठवडाभर सांगत होता. पण हात लागला तो लागला. राजा एक घर बाजूला झाला, आणि थोरलीच्या वजिराने शेजारी बसलेला धाकटीचा उंट उचलून पुन्हा शह दिला. तो उंट गेला तशी धाकटीच्या डोक्यातली सगळी कडी-कुलपं निघाली. कोण कुठे आहे हे तिला कळेना. थोरलीलाही कळत नव्हतं, पण तिला न कळता पुढे जायची सवय होती, धाकटीला नव्हती. थोड्या वेळाने काळा राजा एकटाच कोपऱ्यात उभा राहिला आणि धाकटीने तो आडवा केला.

टाळ्या पडल्या. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले होते.

"मोठ्या वहिनी, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं! वजिराच्या बाजूचा डाव! इतका संयमी, इतका प्रौढ! मला वाटायचं तुम्ही नुसत्या धावून जाता."

"कोण संयमी?" थोरली उठून उभी राहिली. "तोंड सांभाळून बोला."

"थांबा," धाकटी म्हणाली. ती आरशाकडे टक लावून बघत होती. "जाऊबाई, आरशात बघा."

थोरलीने पाहिलं. आरशातला पट अगदी घरच्यासारखा होता. राजा जिथे असायला हवा तिथे, वजीर जिथे असायला हवा तिथे. खाली काउंटरवर मात्र सगळं डावीकडचं उजवीकडे.

"यांनी पट उलटा मांडलाय!" धाकटी ओरडली. "हरले नाही मी. डाव रद्द!"

चष्मेवाला दुखावला. "उलटा? खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला कोपऱ्यातलं घर पांढरं असलं पाहिजे. जगात सगळीकडे असंच असतं. वजीर आपापल्या रंगाच्या घरावर. पट चुकीचा ठेवला की दोघं जागा बदलतात. तुमच्या घरी उजव्या हाताला काय असतं?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळी वरात रस्ता ओलांडून दुकानात शिरली. थोरली आपल्या खुर्चीवर बसली आणि उजव्या हाताखाली पाहिलं. कोपऱ्यातलं घर काळं होतं. आजवर त्यावर तिने किती कप ठेवले असतील.

"म्हणजे हे टेबल चुकलंय," चष्मेवाला म्हणाला. "वहिनी, तुम्ही घोकला राजाच्या बाजूचा हल्ला, आणि माझ्या पटावर तो झाला वजिराच्या बाजूचा. पण डाव नियमाने झाला. माझा पट बरोबर, तुमचा विजय बरोबर."

"टेबल चुकलंय," धाकटीनेही मान डोलावली. मग तिच्या लक्षात आलं की तसं म्हटलं तर आपण हरतो. "नाही, नाही. टेबल बरोबर आहे! एवढी वर्षं खेळतोय आपण. यांचा पट चुकलाय, डाव रद्द. हो ना जाऊबाई?"

सगळे थोरलीकडे पाहू लागले. एक शब्द बोलायचा होता. टेबल चुकलं असं म्हटलं की टेबल जागच्या जागी राहत होतं, तिची खुर्ची राहत होती, शटर, रस्ता, सगळं राज्य. टेबल बरोबर म्हटलं की डाव रद्द, आणि धाकटी आता डोळे उघडे ठेवून खेळणार.

थोरलीने पटावरून हात फिरवला. बोटाला सांधा लागला नाही.

"टेबल चुकलेलं नाही," ती म्हणाली. "ह्यांच्या हातची वस्तू चुकत नाही. इथल्या एका खुर्चीचा पाय आजवर डुगडुगलाय का? मग चौसष्ट घरं कशी चुकतील? डाव रद्द करा. मांडा पुन्हा. तिला पुन्हा हरवीन, त्यात काय?"

धाकटीचा चेहरा उजळला. चष्मेवाल्याने हात वर केले. आणि दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्रीने तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि खिशात टाकले.

"टेबल बरोबर आहे," तो म्हणाला.

"ऐका!" थोरली म्हणाली.

"चष्मेवाल्यांचा पटही बरोबर आहे."

"म्हणजे?"

मिस्त्रीने थोरलीला खुर्चीवरून उठवलं. हे काम आजवर कुणी केलं नव्हतं. त्याने टेबल भिंतीपासून ओढलं, वळवलं आणि त्याची लांब बाजू भिंतीला लावली. मग दोन्ही खुर्च्या उचलून दोन टोकांना ठेवल्या, त्या वीतभर पट्ट्यांसमोर.

"इथे बसायचं असतं. ही पट्टी कोपर टेकायला केली होती. तुम्ही तिच्यावर मेलेली प्यादी ठेवत आलात."

थोरली हळूच टोकाच्या खुर्चीवर बसली. कोपरं पट्टीवर टेकली. बरोबर मापात बसली. उजव्या हाताला पांढरं घर होतं.

"एवढी वर्षं तुम्ही सांगितलं का नाही?" तिचा आवाज खोलीत मावेना.

"तू येऊन पहिल्याच दिवशी त्या बाजूला बसलीस," मिस्त्री म्हणाला. "मी म्हटलं होतं, अगं, इकडे. तू म्हणालीस, मला कळतं कुठे बसायचं ते. मग मी खिळे तोंडात घातले."

झेरॉक्सवालीला हसू आवरेना, म्हणून ती खुर्ची उचलून निघून गेली. चष्मेवाल्याने निकाल दिला: टेबल बरोबर, पट बरोबर, डाव खरा, थोरली जिंकली. टेबल पुढच्या खोलीतच राहणार, कायमचं. थोरलीने मान ताठ करून रस्त्याकडे पाहिलं. जिंकणं महत्त्वाचं, खुर्ची कुठल्या बाजूला हा बारीक तपशील होता.

धाकटी मात्र पटाकडे पाहतच नव्हती. ती खोलीच्या मधोमध उभी होती. टेबल भिंतीला चिकटून बसल्यामुळे शटरपासून आतपर्यंत रिकामी झालेली जागा ती पावलांनी मोजत होती. मोजून झाल्यावर तिने खिशातून फोन काढला आणि टेम्पोवाल्या नवऱ्याला लावला.

"अहो, सोफा घेऊन या. हो, तीन जणांचा. बसतोय." मग थोडं थांबून, अगदी गोड आवाजात, "नाही, नाही. जाऊबाईंनीच जागा करून दिली."

संध्याकाळी सोफा आला. निळा, देखणा, रस्त्यावरून दिसणारा. दोन गिऱ्हाइकं त्याची किंमत विचारून गेली आणि थोरलीने त्यांना सांगितलं की इथे सोफा ठेवायची कल्पना तिचीच. मग दोघी जावा टेबलाच्या दोन टोकांना, कोपरं टेकून, बसल्या. आता सगळं बरोबर होतं, तेव्हा थोरली आज खरोखर राजाच्या बाजूनं घुसणार होती. तिने धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं. हात आपोआप गेला. प्यादं दोन घरं पुढे.

धाकटीने पटाकडे पाहिलं. मग थोरलीकडे.

"जाऊबाई, हे वजिराचं."

थोरलीने खाली पाहिलं नाही.

"मला काय सांगतेस? मुद्दामच खेळलेय. खेळ तू."